नोकरी आणि घर सांभाळून उन्हाळी सत्रातील जलद अभ्यासक्रम : नाशिककरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरे नाशिक शहर आणि परिसरातील अशा वाचकांसाठी आहेत, जे नोकरी करत पदवीचे शिक्षण घेत आहेत आणि ज्यांना उन्हाळ्याच्या सुट्टीत एखादा विषय जलद गतीने पूर्ण करायचा आहे. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळ्यांवर काम करणारे, दवाखान्यांतील परिचारिका, दुकाने आणि कार्यालयांतील कर्मचारी, निफाड-दिंडोरीकडून ये-जा करणारे शेतकरी घरांतील तरुण आणि संसार सांभाळून पुन्हा शिकू लागलेल्या गृहिणी या सर्वांना पडणारे प्रश्न येथे घेतले आहेत. नियम सर्वांना सारखा असेल तेथे तो सांगितला आहे. तो महाविद्यालयाच्या हाती असेल तेथे कार्यालयात नेमके काय विचारावे, ते सांगितले आहे.

उन्हाळी सत्र म्हणजे नेमके काय? एप्रिल-मेच्या परीक्षांनाही उन्हाळी सत्रच म्हणतात ना?

म्हणतात, आणि त्यामुळेच खिडकीवर अनेकदा चुकीचे उत्तर मिळते. आपण ज्याविषयी बोलत आहोत ते परीक्षांचे सत्र नव्हे, तर सुट्टीत चालणारे अध्यापनाचे सत्र होय. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवी अभ्यासक्रमांसाठी जो आराखडा जाहीर केला, त्यात प्रत्येकी ९० कामकाजाच्या दिवसांची दोन सत्रे आणि त्याखेरीज सुट्टीत आठ आठवड्यांचे उन्हाळी सत्र अशी मांडणी आहे. या आठ आठवड्यांत इंटर्नशिप किंवा व्यवसाय शिक्षणाचा अभ्यासक्रम करता येतो. शिवाय राहिलेले विषय भरून काढण्यासाठी किंवा जादा विषय घेण्यासाठी नेहमीचे अभ्यासक्रमही जलद पद्धतीने चालवण्याची मुभा महाविद्यालयांना आहे. मुभा आहे, सक्ती नाही. शिक्षक उपलब्ध आहेत का आणि पुरेसे विद्यार्थी नोंदणी करतात का, हे पाहून महाविद्यालय निर्णय घेते. त्यामुळे शेजारच्या महाविद्यालयात सांख्यिकीचा वर्ग सुरू आहे म्हणून आपल्याकडेही तो असेलच, असे गृहीत धरू नये. मार्च संपण्याच्या आत विभागप्रमुखांना भेटून आपला विषय यंदा चालणार आहे का, हे विचारावे, आणि तोच विषय अडलेले आणखी विद्यार्थी असतील तर सर्वांनी मिळून लेखी मागणी करावी. संख्या दिसली की वर्ग सुरू होण्याची शक्यता वाढते.

आणखी एक गोष्ट तेव्हाच विचारून घ्यावी. सम (दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या) सत्राच्या परीक्षा कधी कधी मे महिन्यात लांबतात आणि त्यांचे निकाल लागण्याआधीच उन्हाळी सत्राची नोंदणी सुरू होते. आपण त्या विषयात उत्तीर्ण झालो आहोत की नाही हेच ठाऊक नसताना फी भरावी लागली, आणि पुढे निकाल अनुकूल लागला, तर फी परत मिळते का, हे लेखी विचारावे.

सुट्टीतला अभ्यासक्रम थोडा हलका असतो, असे सगळे सांगतात. खरे आहे का?

नाही. दिवस कमी होतात, तास कमी होत नाहीत. सैद्धान्तिक विषयाच्या एका श्रेयांकामागे (क्रेडिटमागे) १५ तासांचे अध्यापन धरले जाते. म्हणजे चार श्रेयांकांच्या विषयासाठी ६० तास वर्गात बसावे लागते, मग तो विषय पंधरा आठवड्यांत शिकवला जावो की आठ. राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात एका श्रेयांकामागे विद्यार्थ्याचे एकूण ३० तासांचे अध्ययन गृहीत धरले आहे; त्यात वर्ग, घरचा अभ्यास, असाइनमेंट आणि परीक्षेची तयारी असे सगळे येते. चार श्रेयांकांचे झाले १२० तास. नेहमीच्या सत्रात हे १२० तास पंधरा आठवड्यांवर पसरले की आठवड्याला आठ तास पडतात, आणि नोकरदार माणूस रविवारची सकाळ व दोन-तीन रात्री मिळून तेवढे कसेबसे काढतो. तेच तास आठ आठवड्यांत बसवले की आठवड्याला पंधरा होतात, आणि महाविद्यालयाने सत्र सहा आठवड्यांत आटोपले तर वीस.

आता आपल्या आठवड्याकडे पाहावे. सहा दिवसांची नोकरी, जाण्यायेण्याचा वेळ, घरची कामे आणि झोप वजा केल्यावर पंधरा तास मोकळे राहत असतील, असे सहसा होत नाही. म्हणजे ते कोणाच्या तरी वाट्यातून घ्यावे लागतात : ओव्हरटाइममधून, मुलांच्या संध्याकाळमधून, नातेवाइकांकडच्या कार्यांतून किंवा मोबाइलमधून. ते कोठून घ्यायचे हे आपण आधी ठरवले नाही, तर ते मुकाट्याने झोपेतून कापले जातात, कारण घरात तक्रार न करणारी तेवढी एकच गोष्ट असते. म्हणून आमचा आग्रह असा, की फी भरण्याआधी सोमवार ते रविवार असा एक कागद आखावा आणि पंधरा तास त्यात खरोखर लिहून दाखवावेत. ‘जमेल तसे’ हा शब्द त्या कागदावर चालणार नाही.

दोन विषय राहिले आहेत. दोन्ही एकाच उन्हाळ्यात उरकता येतील का?

पूर्णवेळ नोकरी असेल तर येणार नाहीत. दोन विषय म्हणजे आठवड्याला तीस तास. ती दुसरी नोकरीच झाली. एक विषय नीट उत्तीर्ण होणे हे दोन विषय अर्धवट सोडण्यापेक्षा स्वस्त पडते. नोकरी अर्धवेळ असेल आणि दुसरा विषय दोन श्रेयांकांचा असेल, तर विचार करता येईल.

कोणता विषय घ्यावा, हे मात्र थोडे वेगळ्या दृष्टीने पाहावे. गणित, लेखाशास्त्र, प्रोग्रॅमिंग अशा विषयांत आजचा धडा कालच्यावर उभा असतो, त्यामुळे रोज बसण्याची सक्ती त्यांना मानवते आणि जलद गतीचा काही जणांना फायदाच होतो. ज्या विषयात भरपूर वाचून मत बनवायचे असते, प्रकल्प लिहायचा असतो किंवा क्षेत्रभेटी द्यायच्या असतात, तो विषय आठ आठवड्यांत घशाखाली उतरत नाही. तो नेहमीच्या सत्रासाठी ठेवावा.

मे महिन्यात घरात दोन लग्ने आहेत. किती दिवस बुडाले तर चालतील?

अनेक ठिकाणी ७५ टक्के हजेरीची अट असते; आपल्याकडे ती किती आहे हे आधी पाहावे. साठ तासांचा विषय आठवड्यातून पाच दिवस, रोज दीड तास, असा शिकवला तर एकूण चाळीस तासिका होतात आणि ७५ टक्क्यांच्या हिशेबाने दहा चुकल्या तरी चालतात. ऐकायला हे पुष्कळ वाटते. पण हळद, लग्न, वरात, पूजा आणि परतीचा प्रवास धरून एका लग्नात तीन-चार तासिका सहज जातात, दोन लग्नांत सात-आठ, आणि मग आजारपणासाठी किंवा कारखान्यातील अचानक लागलेल्या कामासाठी दोन-तीनच शिल्लक राहतात. शिवाय पंधरा आठवड्यांपैकी एक बुडाला तर पंधराव्या हिश्श्याचा अभ्यास मागे पडतो, आठांपैकी एक बुडाला तर आठव्या हिश्श्याचा. तो भरून काढायला पुढचा आठवडा मोकळा नसतो.

सख्ख्या भावंडाचे लग्न असेल तर जावेच लागते, आणि जावे. चुलत-मावस नात्यातल्या लग्नाला मुहूर्तापुरते जाऊन अक्षता टाकून परत येणे, हा मार्ग आपल्याकडे कोणी वावगा मानत नाही. मात्र ते आधी सांगितलेले असावे. मांडवातून न सांगता निघालेल्या माणसाची चर्चा वर्षभर चालते.

मी अंबडला पाळ्यांवर काम करतो. दर आठवड्याला पाळी बदलते. वर्ग सकाळचे आहेत. कसे जमवायचे?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. समजा पहिली पाळी सकाळी सात ते तीन, दुसरी तीन ते रात्री अकरा आणि तिसरी अकरा ते सकाळी सात अशी आहे, आणि वर्ग उन्हामुळे सकाळी आठ ते साडेनऊ ठेवला आहे. पहिल्या पाळीच्या आठवड्यात वर्ग पूर्ण बुडतो. तिसऱ्या पाळीच्या आठवड्यात वर्गाला पोहोचता येते, पण रात्रभर जागलेल्या डोळ्यांनी. दुसऱ्या पाळीत मात्र सगळे नीट बसते.

तेव्हा आठही आठवडे दुसरी पाळी मिळवणे, हा आपला एकमेव खरा उपाय आहे, आणि तो वाटतो तितका अवघड नाही. दुसरी पाळी बहुतेकांना नकोशी असते, कारण तिच्यात संध्याकाळ जाते, मुले भेटत नाहीत आणि जेवण थंड होते. त्यामुळे आपली पहिली पाळी देऊन समोरच्याची दुसरी घेणारा माणूस सहकाऱ्यांना हवाच असतो. सहकाऱ्याशी तोंडी ठरवून थांबू नये. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत कोणाची पाळी कोणाशी बदलली आहे, हे लिहून दोघांच्या सह्यांनी सुपरवायझरकडे द्यावे आणि वर्गाचे वेळापत्रक सोबत जोडावे. ऑर्डर वाढली की तोंडी ठरलेले सर्वांत आधी मोडते.

दुसऱ्या पाळीचा दिवस साधारण असा जातो. रात्री अकराला सुटून साडेअकरापर्यंत घर, दोन घास खाऊन साडेबाराच्या आत झोप, सकाळी सातला उठून आठला वर्ग. साडेनऊला वर्ग सुटल्यावर घरी न जाता अभ्यासिकेत किंवा महाविद्यालयाच्या ग्रंथालयात बाराच्या सुमारापर्यंत बसावे, जेवून अर्धा तास पडावे आणि सव्वादोनला निघावे. यात वर्गाचा दीड तास आणि अभ्यासाचे दोन तास पाच दिवस मिळतात, म्हणजे आठवड्याचे पंधरा तास रविवारला हात न लावता पूर्ण होतात. ‘घरी न जाता’ हे महत्त्वाचे आहे. सकाळी दहाला घरी गेलेला माणूस गॅसचा सिलिंडर, शाळेचा दाखला आणि शेजाऱ्याच्या नळाची दुरुस्ती यांत सापडतो.

रात्रपाळी टळणारच नसेल तर त्या आठवड्यात फक्त वर्गाला हजर राहावे, नोट्स उतरवाव्यात आणि घरी येऊन सरळ झोपावे. अवघड प्रकरण त्या आठवड्यात हाती घेऊ नये. रात्रपाळीनंतर अंबडहून कॉलेज रोडपर्यंत दुचाकी चालवत येणे टाळावे. कंपनीची बस असेल तर तिने, नाहीतर सिटीलिंकच्या बसने यावे; पेंगत चालवलेल्या गाडीपुढे बुडालेली तासिका काहीच नाही.

साहेबांना सांगावे की गुपचूप करावे? शिकतोय म्हटले की नोकरी सोडणार असे वाटते त्यांना.

सांगावे, पण कशा शब्दांत सांगावे याचा विचार करून. ‘मला पदवी पूर्ण करायची आहे’ यापेक्षा ‘अमुक तारखेपासून आठ आठवडे मला ओव्हरटाइमला थांबता येणार नाही आणि परीक्षेच्या तीन दिवशी रजा लागेल’ हे वाक्य वरिष्ठांना अधिक पटते, कारण त्यात मागणी किती आहे आणि ती कधी संपणार आहे, हे दोन्ही असते. गुपचूप करणाऱ्याला परीक्षेच्या दिवशी खोटे आजारपण काढावे लागते, आणि एकाच महिन्यात ते दोनदा काढले की संशय येतोच.

रजेचा हिशेब आधी करून ठेवावा. कारखाने आणि आस्थापनांत साधारणपणे कामाच्या २० दिवसांमागे १ दिवस पगारी रजा जमा होते. आपल्या खात्यावर किती शिल्लक आहे हे एचआरकडून लेखी घ्यावे आणि अर्ज परीक्षेच्या वेळापत्रकासह पुरेसे दिवस आधी द्यावा. जमलेली रजा पहिल्याच आठवड्यात ‘सुरुवात चांगली व्हावी’ म्हणून खर्च करू नये. सुरुवातीला उत्साह असतोच. रजा शेवटच्या दोन आठवड्यांत लागते, जेव्हा सबमिशन, अंतर्गत परीक्षा आणि अंतिम परीक्षा एकावर एक येतात.

शासकीय कर्मचाऱ्यांनी प्रवेश घेण्यापूर्वी कार्यालयप्रमुखांची परवानगी घ्यावी. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ मध्ये अध्ययन रजेची तरतूद आहे, परंतु ती कामाशी थेट संबंध असलेल्या उच्च शिक्षणासाठी आहे. उन्हाळी सत्रातील एका विषयासाठी ती मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये आणि अर्जित रजेचाच विचार करावा.

मी एकत्र कुटुंबात राहते. सकाळी क्लासला गेले तर घरचे कोण करणार, असा प्रश्न सासूबाई विचारतात. त्यांना काय सांगू?

सासूबाईंचा प्रश्न रास्त आहे, कारण घरात जे काम आहे ते आपण वर्गात बसलो म्हणून नाहीसे होत नाही. त्यामुळे ‘थोडी मदत करा’ असे मोघम न सांगता कोणते काम, कोणत्या वेळी, किती दिवसांसाठी, असे बोलावे. उदाहरणार्थ : सकाळी साडेसहा ते दहा या वेळातील चहा, नाष्टा आणि यजमानांचा डबा ३० जूनपर्यंत आपल्याकडे नसेल, संध्याकाळचा पूर्ण स्वयंपाक आपल्याकडे असेल. डबा कोण भरणार, याचे उत्तर ‘जाऊबाई’ असे देण्याआधी यजमानांनी स्वतः तो भरता येतो का, याचा विचार करावा. येतो. भाजी रात्रीच चिरून ठेवली आणि कणीक मळून ठेवली तर पोळ्या करून भाजी फोडणीला टाकायला अर्धा-पाऊण तास लागतो.

आणि हे घरातल्या वडीलधाऱ्यांशी सुनेने एकटीने बोलू नये. मुलाने पुढे बसून सांगावे, की हे आम्ही दोघांनी ठरवले आहे. तेच शब्द सुनेकडून आले की त्याला हट्ट म्हणतात आणि मुलाकडून आले की निर्णय म्हणतात. हे बरोबर आहे असे नाही, पण आठ आठवड्यांत ते बदलणार नाही, म्हणून त्याचा उपयोग करून घ्यावा.

मे महिन्यातील वाळवणांचा प्रश्न स्वतंत्र आहे. कुरडयांचेच पाहा : गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचे, वाटून चीक काढायचा, तो रात्रभर निवळू द्यायचा, पहाटे उठून गुठळी होऊ न देता शिजवायचा आणि ऊन चढायच्या आत गच्चीवर कुरडया घालून मोकळे व्हायचे. त्यात पहाटे चार ते आठ ही वेळ जाते, आणि नेमकी तीच अभ्यासाची सर्वोत्तम वेळ असते. पाठोपाठ पापड, सांडगे, वर्षाचा मसाला आणि लोणचे येते. यंदा हे सगळे महिला बचत गटाकडून विकत घ्यावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. घरच्या कुरडईची चव वेगळी असते, हे मान्य. ज्यांना ती हवीच असेल त्यांनी पहाटे चारला उठावे. सासूबाईंना वाळवणांची हौस असेल आणि शेजारणी मिळून घालणार असतील तर त्यांना अडवू नये, फक्त त्या दोन-तीन पहाटे आपण मोकळ्या नाही, हे आधी सांगून ठेवावे.

मुलांना मेमध्ये सुट्टी लागते आणि ती जूनच्या मध्यापर्यंत असते. दिवसभर घरात असतात. अभ्यास कसा होणार?

आजोळ ही या काळातली सर्वांत भरवशाची व्यवस्था आहे, पण ती कधी वापरायची हे चुकते. सुट्टी लागली की दुसऱ्याच दिवशी मुलांना मामाकडे धाडले जाते, ती पंधरा दिवसांनी परत येतात, आणि आपल्या परीक्षेच्या तोंडावर घरात असतात. त्यापेक्षा सुरुवातीचे दोन-तीन आठवडे त्यांना घरी ठेवावे, सकाळच्या शिबिरात किंवा पोहायला पाठवावे, आणि आजोळचे पंधरा दिवस सबमिशनच्या आठवड्यांसाठी राखून ठेवावेत. महाविद्यालयाचे वेळापत्रक आणि शाळा उघडण्याची तारीख शेजारी शेजारी मांडली की हे लगेच दिसते. सत्र जूनअखेरपर्यंत चालणार असेल तर शाळा उघडण्याचा आठवडा कोरा ठेवावा. गणवेश, वह्यांची कव्हरे आणि रिक्षावाल्या काकांशी ठरवाठरवी यांतच तो जातो.

दहा-बारा वर्षांच्या मुलांना सरळ सांगितलेले कळते. दार लावून बसलेली आई त्यांना रागावलेली वाटते. ‘साडेआठ ते दहा माझा अभ्यास, दहाला आपण कॅरम खेळू’ असे सांगणारी आई वाटत नाही. मात्र मग दहाला कॅरम खेळायला बसावेच लागते.

आमची शेती आहे. बागेची कामे आणि सत्र एकत्र येते का?

येते, आणि किती येते हे सत्राच्या तारखांवर ठरते. द्राक्षाचा हंगाम संपल्यावर एप्रिलमध्ये खरड छाटणी होते आणि त्यानंतरच्या आठवड्यांत फुटींची विरळणी व फवारण्या यांत माणूस अडकून पडतो. उन्हाळ कांद्याची काढणी आणि तो चाळीत भरणे हेही मार्च ते मेदरम्यानच चालते. पुढे जूनमध्ये पाऊस लागला की खरिपाच्या पेरणीची घाई. म्हणजे एप्रिलच्या मध्याला सुरू होणारे सत्र द्राक्षवाल्यांना जड जाते, आणि जूनअखेर संपणारे सत्र सोयाबीन-मका पेरणाऱ्यांना. कांदा चाळीत गेल्यानंतर आणि पहिला पाऊस पडण्यापूर्वी मधले जे दिवस सापडतात, त्यांत आठ आठवडे बसत नाहीत. अशा घरांतील विद्यार्थ्यांनी भावाशी किंवा वडिलांशी कामाची अदलाबदल उघडपणे ठरवावी : यंदा फवारणी त्यांच्याकडे, छाटणीच्या मजुरांचा हिशेब रात्री आपल्याकडे. सकाळच्या वर्गासाठी निफाड किंवा दिंडोरीहून रोज यायचे असेल तर प्रवासाचे तासही त्या पंधरा तासांवर चढवून धरावेत.

उन्हात अभ्यास होत नाही. काय करावे?

एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो, पण उंचीमुळे येथील पहाट आणि रात्र मालेगावच्या मानाने सुसह्य असते. पहाटे पाच ते साडेसात आणि रात्री नऊनंतर बसावे. दुपारी एक ते चार पत्र्याच्या खोलीत पुस्तक उघडून स्वतःवर चिडण्यात अर्थ नाही. घरात जागा नसेल तर टिळक पथावरील १८४० पासूनचे सार्वजनिक वाचनालय आहे आणि शहरात जागोजागी अभ्यासिका आहेत. अभ्यासिकेची मासिक फी भरण्याआधी तेथे पंखे कसे आहेत आणि वीज गेल्यावर इन्व्हर्टर आहे का, एवढे पाहून घ्यावे.

फीशिवाय आणखी किती खर्च धरावा?

फीपेक्षा मोठा खर्च दिसत नाही. तो बुडालेल्या ओव्हरटाइमचा असतो. समजा मासिक वेतन १८,००० रुपये आहे. महिन्याचे २६ दिवस आणि दिवसाचे ८ तास धरले तर तासाला सुमारे ८६.५० रुपये पडतात, आणि कारखान्यातील जादा कामाला दुप्पट दर असल्याने ओव्हरटाइमचा तास सुमारे १७३ रुपयांचा होतो. आठवड्याला आठ तासांचा ओव्हरटाइम आठ आठवडे सोडला, तर ११,००० रुपयांच्या आसपास उत्पन्न कमी होते. ते नेमके जूनमध्ये जाणवते, कारण तेव्हाच मुलांची फी, पुस्तके, गणवेश आणि शेती असेल तर बियाणे-खते यांचा खर्च येतो. म्हणून जानेवारीपासून थोडी थोडी रक्कम बाजूला टाकावी, आणि जो हप्ता पुढे ढकलता येत नाही तो आधी भरून ठेवावा. शिष्यवृत्ती किंवा फीमाफी मिळत असेल तर ती उन्हाळी सत्राच्या वेगळ्या फीला लागू आहे का, हे कार्यालयाला लेखी विचारावे.

मी पंचवटी एक्स्प्रेसने रोज मुंबईला जातो. माझ्यासारख्याने हा विचारच करू नये का?

सकाळच्या प्रत्यक्ष वर्गाचा विचार करू नये. वर्ग शनिवार-रविवारी किंवा ऑनलाइन असतील तर मात्र पाससाठी दिलेले पैसे दुप्पट वसूल होतात, कारण जाता-येता मिळून रोजचे सहा तासांहून अधिक गाडीत जातात. जाताना वाचन करावे, येताना फक्त उजळणी. इगतपुरीच्या घाटात नेटवर्क जाते, म्हणून व्हिडिओ आदल्या रात्री उतरवून ठेवावेत. रोजच्या गटातल्या मित्रांना पत्त्यांच्या डावातून आठ आठवड्यांची सुट्टी मागावी लागेल.

महाविद्यालयात उन्हाळी वर्गच नाही. स्वयम् किंवा मुक्त विद्यापीठ चालेल का?

स्वयम् हे केंद्र सरकारचे ऑनलाइन व्यासपीठ २०१७ पासून सुरू आहे. त्यावर शिकणे विनामूल्य आहे, प्रमाणपत्रासाठी परीक्षेची फी भरून केंद्रावर जाऊन परीक्षा द्यावी लागते, आणि विद्यापीठाने मान्यता दिल्यास अभ्यासक्रमाचे ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक या मार्गाने घेता येतात. परंतु त्याची सत्रे जानेवारी आणि जुलै अशी आहेत. मेमध्ये आठवण झाली आणि नोंदणी केली, असे होत नाही. उन्हाळ्यापर्यंत श्रेयांक हवे असतील तर जानेवारीतच नाव नोंदवावे, आणि आपले विद्यापीठ तो विशिष्ट अभ्यासक्रम कोणत्या विषयाच्या जागी धरणार, हे त्याआधी लेखी घ्यावे.

यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे मुख्यालय आपल्याच गंगापूर धरणाजवळ आहे आणि १९८९ पासून ते नोकरदारांसाठीच काम करत आले आहे. ज्यांना दर उन्हाळ्यात ही धावपळ करावी लागणार आहे, त्यांनी पदवीच तेथून करण्याचा विचार जरूर करावा. एका अडलेल्या विषयासाठी मात्र विद्यापीठ बदलण्याची घाई करू नये.

भाची अमेरिकेत आहे. ती सहा आठवड्यांत एक विषय संपवते आणि शिवाय कामही करते. मग आपल्यालाच एवढे अवघड का?

तिकडेही तास तेवढेच असतात. तेथे तीन श्रेयांकांच्या विषयाला साधारण ४५ तास वर्ग आणि वर्गाबाहेर त्याच्या दुप्पट अभ्यास, असे धरतात. सत्र सहा आठवड्यांचे असले तर तो आठवड्याला बावीस-तेवीस तासांवर जातो. भाचीला विचारून पाहावे. त्या सहा आठवड्यांत तिच्या घरी बहुधा पाहुणे येत नाहीत.

तीन आठवडे झाले आणि मी मागे पडलो आहे. सोडून द्यावे का?

तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस हा निर्णय घ्यावाच, त्यापुढे ढकलू नये. दोन गोष्टी तपासाव्यात. हजेरीची अट अजून पूर्ण होऊ शकते का? आणि मागे पडलेला अभ्यास दोन रविवारांत भरून निघेल इतकाच आहे का? दोन्हींचे उत्तर होकारार्थी असेल तर सोडू नये; शिक्षकांना भेटून कोणती प्रकरणे आधी करावीत हे विचारावे. उन्हाळी वर्ग लहान असतो, त्यामुळे शिक्षक नावाने ओळखतात आणि विचारलेले त्यांना आवडते.

एकाचे जरी उत्तर नकारार्थी असेल तर सोडावे, पण अर्ज देऊन सोडावे. वर्गाला येणे नुसते बंद करणाऱ्याच्या नावापुढे अनुपस्थित किंवा अनुत्तीर्ण अशी नोंद लागू शकते; मुदतीत नाव मागे घेणाऱ्याचे प्रकरण वेगळे असते. सत्रच लहान असल्याने ही मुदतही लहान असते, म्हणून ती तारीख प्रवेशाच्या दिवशीच कॅलेंडरवर लिहून ठेवावी.

पहिल्या वर्षानंतर शिक्षण थांबवावे लागणार आहे. प्रमाणपत्रासाठी उन्हाळ्यात काही करावे लागते का?

होय. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नव्या आराखड्यानुसार पहिल्या वर्षाचे श्रेयांक पूर्ण केल्यावर बाहेर पडणाऱ्याला प्रमाणपत्र हवे असेल, तर उन्हाळ्यात चार श्रेयांकांचा व्यवसाय शिक्षणाचा अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप पूर्ण करावी लागते. इंटर्नशिपच्या एका श्रेयांकाला ३० तास धरतात, म्हणजे १२० तास. आपण जी नोकरी करतो तीच इंटर्नशिप म्हणून धरली जाईल का, हे महाविद्यालय ठरवते. आधी मंजुरी घ्यावी, तास भरल्यावर विचारू नये. तीन वर्षांच्या आत परत येऊन पदवी पुढे सुरू करता येते आणि एकूण सात वर्षांत ती पूर्ण करावी लागते.

सत्र संपले, उत्तीर्णही झालो. पुढे काय पाहायचे?

मिळालेले श्रेयांक आपल्या ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या खात्यात दिसतात का, हे पाहावे. खाते डिजिलॉकरमधून उघडता येते. उन्हाळी सत्राचे निकाल नेहमीच्या निकालांबरोबर जात नाहीत आणि त्यामुळे ते चढवायचे राहून जाण्याची शक्यता असते. विवाहित विद्यार्थिनींनी एक गोष्ट आवर्जून तपासावी : आधार कार्डावर सासरचे नाव आणि गुणपत्रिकेवर माहेरचे, असे असेल तर दोन्ही नोंदी जुळत नाहीत आणि श्रेयांक अडकतात. नावातील बदलाचा अर्ज विवाह नोंदणी प्रमाणपत्रासह महाविद्यालयाच्या कार्यालयात पुढचे सत्र सुरू होण्यापूर्वी द्यावा, आणि आवक क्रमांक व शिक्का असलेली पोच आपल्याजवळ ठेवावी.